वरून चार थेंब पाणी

विमलताईची एक सवय होती आणि त्या सवयीवर मी कितीतरी वर्षं चिडत आले. तिचं कौतुक केलं की ती म्हणायची, "त्यात काय!" डब्यातली उसळ फर्मास झालीय म्हणावं तर त्यात काय. नणंदेची दोन्ही बाळंतपणं एकटीने काढली, त्यात काय. शेठने सगळ्यांसमोर शाबासकी दिली तर मान खाली घालून हातातली काचेची नळी पुसत बसायची, जशी काही चोरी पकडली गेलीय.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचा गाळा आहे. स्क्रीन प्रिंटिंगच्या शाया आणि त्या शाया धुवायची लिक्विडं बनवतो आम्ही. मी जानकी, माल पाठवायचं काम बघते. विमलताई, म्हणजे विमला सहदेव परब, गाळ्याची केमिस्ट. बोरिवलीच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर त्यांनी कुठल्याशा बँकेच्या दारात वॉचमनचं स्टूल धरलं आणि पोरीला मात्र शिकवलं. पण आई कुडाळकडची, अंगठेबहाद्दर आणि करारी. पोरीचा नंबर आला की पेढे वाटायच्या ऐवजी दम भरायची, "मिरवू नको गो, नजर लागता." ती नजर लागू नये म्हणून विमलताई जन्मभर स्वतःला झाकत राहिली. नजर लागायची ती लागलीच.

तिचे यजमान सहदेवभाऊजी वाकोल्यात एका प्रेसमध्ये स्क्रीन प्रिंटर होते. लग्नपत्रिका, टी-शर्ट, दुकानांच्या पाट्या. माणूस हसरा, बोलायला मोकळा. छापून झालं की सुकलेल्या नावावरून अंगठा हलकेच फिरवायची त्यांना सवय होती, कडा नीट आल्यात का ते बघायला. आमच्या घरच्या वास्तुशांतीची पत्रिकासुद्धा त्यांनीच छापली आणि माझ्या नावावरून अंगठा फिरवून मगच हातात दिली.

शाई ज्या ताणलेल्या जाळीतून खाली उतरते, ती जाळी छपाईनंतर धुवावी लागते. जाळीच्या भोकांत शाई सुकली की दगड होते. ती काढायला वाकोल्यात सगळे स्वस्तातलं थिनर वापरायचे, चिंधी बुडवायची आणि घासायचं. हातमोजे नाहीत, खिडकी नाही. पन्नाशी यायच्या आधीच भाऊजींच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग बोटं बधिर झाली. मग शर्टाचं बटण लावता येईना. डॉक्टर म्हणाले, नसा गेल्यात. पुढे रक्ताचं दुखणं निघालं आणि काम सुटलं. थिनरचं नाव डॉक्टरांनी कागदावर लिहिलं नाही. विमलताई केमिस्ट, तिला कुणी लिहून द्यायची गरजच नव्हती.

ती एक दिवस मला म्हणाली, "जानकी, मी ज्या धंद्यात आहे ना, त्याच धंद्याने ह्यांचे हात खाल्ले गं." आणि त्या दिवसापासून गाळ्यातलं काम संपलं की ती एका कोपऱ्यात आपली मांडामांड करून बसायची. हातांना न खाणारं, डोकं न उठवणारं लिक्विड बनवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. शेठ हर्षदभाई म्हणजे देवमाणूस वगैरे काही नव्हे, पण त्यांनी तिला अडवलं नाही.

तिने दोन साधी द्रव्यं धरली होती. एक खाद्यतेलापासून बनणारं, दुसरं एक सौम्य अल्कोहोल. दोन्ही बाजारात मिळणारी, दोन्ही बिनविषारी म्हणावी अशी. आणि दोन्ही कुचकामी. तेलवालं शाईवर नुसतं चमकत बसायचं. अल्कोहोलने शाई मऊ व्हायची पण सुटायची नाही. दोन्ही मिसळली तरी फार तर अर्धी जाळी मोकळी व्हायची. उलटसुलट प्रमाणं घेऊन ती थकली. मी म्हटलं, सोड आता. तर म्हणाली, "ह्यांच्या जागेवर वाकोल्यात आता दुसरा कुणी बसलाय ना."

मग गावाहून दिरांनी फणस पाठवला. बरका, चिकाने भरलेला. फणस कापताना हातांना आधी खोबरेल चोळायचं, हे कोकणातलं पोरही जाणतं. विमलताईनेही चोळलं होतं, तरी चीक बसलाच. आणि तो तेलाने पुसता पुसता तिला तिची आई आठवली. आई तेल लावल्यावर वरून चार थेंब पाणी शिंपडायची आणि हात चोळायची. तेल पांढरं व्हायचं आणि चिकाच्या वळ्या होऊन खाली पडायच्या. गावी वाडीतल्या बायका आईला हसायच्या, "तेलार पाणी घालतंस? खुळी की काय गो तू?" आई मुकाट्याने हात चोळत राहायची.

आमच्या धंद्यात पाणी म्हणजे शत्रू. पिंपात थेंब गेला तरी माल गेला, हे पहिल्या दिवशी शिकवतात. विमलताईने दुसऱ्या दिवशी आपल्या मिश्रणात मुद्दाम पाणी घातलं. थोडं कमी घातलं तर काही होईना, थोडं जास्त झालं तर सगळं गढूळ होऊन बसे. पण मधे एक जागा होती, अगदी अरुंद. तेवढंच पाणी पडलं की सुकलेली शाई दुधावरच्या सायीसारखी अख्खी उचलून येत होती. तिने मला हाक मारली. जाळी उजेडात धरली, तर पलीकडची ट्यूबलाइट भोकाभोकांतून दिसली. मी किंचाळलेच. आणि ही काय म्हणाली असेल?

"त्यात काय."

हर्षदभाईंनी पेटंटसाठी अर्ज केला. अर्ज कंपनीचा, पण शोध लावणारी म्हणून नाव विमला सहदेव परब. पेटंट मिळालं तर आता शोध लावणाऱ्याच्या नावाचं वेगळं प्रमाणपत्रसुद्धा मागता येतं, असं त्यांनी सांगितलं. विमलताईला त्याचं काही नव्हतं. पण घरी भाऊजींनी ते धरून ठेवलं. तेव्हा त्यांच्याने ग्लाससुद्धा एका हातात धरवत नव्हता. मी भेटायला गेले होते, तेव्हा म्हणाले, "जानकी, जन्मभर मी दुसऱ्यांची नावां छापलंय. आता हिचां नाव छापलेलां एकदा बघूचां आसा माका. मगे डोळे मिटले तरी चलात." विमलताई आतून ओरडली, "काय अभद्र बोलता हो!" पण तिने ते ऐकलं होतं. त्यानंतर ती स्वतःहून हर्षदभाईंना विचारायला लागली, अर्जाचं काय झालं.

पुढच्या वर्षी विमलताईच्या माहेरच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाने बोरिवलीत एका हॉलमध्ये मेळावा घेतला आणि विमलताईचा सत्कार ठेवला. भाऊजींना रिक्षात बसवून आम्ही घेऊन गेलो. मंडळाचे अध्यक्ष राजाराम यांनी शाल घातली, श्रीफळ दिलं आणि म्हणाले, आता दोन शब्द. विमलताई माइकसमोर उभी राहिली. पुढच्या रांगांत सगळ्या वाडीतल्या म्हाताऱ्या, हिला परकरात पाहिलेल्या. त्यांच्यासमोर मिरवायचं म्हणजे पाप. ती म्हणाली, "त्यात काय मोठां नाय. आमच्या गावच्या खयच्याय बाईक ह्यां म्हायत आसा. फणसाचो चीक काढूक तेल नि वरून चार थेंब पाणी. कोणाकय सुचलां असतां."

काय टाळ्या पडल्या! आईला हसणाऱ्या म्हाताऱ्याच माना डोलावत होत्या, जणू त्या रोज तेच करत आल्या होत्या. भाऊजी माझ्या कानाशी पुटपुटले, "हिच्या आवशीक ह्योच हसायच्यो." मंडळाच्या पोरांनी सगळं मोबाइलवर शूट केलं आणि हौसेने इंटरनेटवर टाकलं.

पेटंटच्या अर्जाला एका मोठ्या कंपनीने विरोध केला. त्यांचाही जाळी धुवायच्या लिक्विडचा धंदा होता, त्यांना हे घशात अडकलेलं हाडूक नको होतं. आमच्या बाजूने श्वेता नावाची वकील होती, तिचं ऑफिस अंधेरीला. पोरगी हुशार, आणि माझ्यासारख्या अडाण्याला समजावून सांगायचा तिला कंटाळा नव्हता.

ती म्हणाली, "मावशी, पेटंटला गोष्ट नवी असून भागत नाही. ती उघड नसली पाहिजे. म्हणजे त्या धंद्यातल्या साधारण जाणकार माणसाला सहज सुचली असती, अशी नको."

"हा जाणकार माणूस कोण?"

"कुणी नाही. कायद्यातला माणूस आहे. त्याने आधीचं सगळं वाचलेलं असतं, पण त्याच्या डोक्यात स्वतःहून नवीन काही येत नाही."

"असा एक आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे," मी म्हटलं. श्वेता खूप हसली. विमलताई नाही हसली. ती म्हणाली, "मीच आहे की तो माणूस."

मोठ्या कंपनीने परदेशातले दोन जुने कागद पुढे केले होते. एकात ते तेलवालं द्रव्य, दुसऱ्यात ते अल्कोहोल. दोन्ही एकत्र करणं कुठल्याही केमिस्टला सुचेल, असं त्यांचं म्हणणं. श्वेताकडे याला उत्तर होतं आणि ते पक्कं होतं. दोन्ही कागदांत बजावून लिहिलं होतं की पाणी लागू देऊ नका. म्हणजे ते वाचणारा पाण्यापासून लांबच पळणार. जो उलटा गेला, त्याने केलेलं उघड कसं म्हणायचं? वर आमच्या चाचण्या होत्या. एकट्या द्रव्याने काय होतं, दोघांनी काय, आणि पाण्याने काय. श्वेता म्हणाली, "काकू, आपण जिंकतोय."

आणि मग त्यांनी तो मेळाव्याचा व्हिडिओ काढला. त्याचं इंग्रजी भाषांतर करून जोडलं. शोध लावणारी बाई स्वतःच म्हणते की गावातल्या कुठल्याही बाईला हे माहीत आहे आणि कुणालाही सुचलं असतं. मग आम्ही वेगळं काय सांगतोय?

श्वेताने डोक्याला हात लावला. तिने विचारलं, "काकू, खरंच गावात सगळ्या बायका पाणी घालतात?"

"नाही गं. एकटी आई घालायची. बाकीच्या हसायच्या तिला."

"मग तसं का बोललात?"

मीच म्हटलं, "अगं, ती सत्काराला बोलत होती. सत्काराला कुणी खरं बोलतं का?" पण श्वेता वेगळ्या घरात वाढलेली, तिला काय कळणार की चारचौघांत 'हे मी केलं' म्हणणं काही घरांत शिवी देण्यापेक्षा वाईट समजतात.

श्वेताने मार्ग काढला. ते बोलणं केवळ विनयाचं होतं, असं लेखी दिलं. पेटंट ऑफिसच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, सुनावणीला बाईंना बसवा, मी दोन प्रश्न विचारीन. म्हणजे संधी होती. श्वेताने विमलताईकडून पाठ करून घेतलं. जास्त काही नाही. 'गावात ही पद्धत नाही. माझी आई एकटी करायची. त्यावरून हे मला सुचलं, दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.' भाऊजी घरी तिला पलंगासमोर उभी करायचे. "म्हण, दुसऱ्या कोणाक सुचलां नसतां." ही पदराने तोंड झाकून हसायची. "म्हण गो!" मग एकदाची म्हणायची, पण इतकी हळू, की शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये. त्या दिवसांत भाऊजींना वरचेवर रक्त चढवावं लागत होतं. वेळ फार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

सुनावणी कॉम्प्युटरवर झाली. अंधेरीला श्वेताच्या ऑफिसात आम्ही बसलो. पडद्यावर अधिकारी, आणि दुसऱ्या चौकटीत मोठ्या कंपनीचे वकील. श्वेता काय सुंदर बोलली! पाण्याचा मुद्दा तिने असा मांडला, की अधिकारी मान हलवून लिहून घेत होते. मग ते विमलताईकडे वळले. माणूस सज्जन होता. मराठीतच बोलला.

"मॅडम, गावात सगळ्या बायका असं करतात का?"

"नाही साहेब. माझी आई करायची फक्त."

श्वेताने टेबलाखाली माझा हात दाबला.

"बरं. आता मला सांगा, तुम्ही इतकी वर्षं या धंद्यात आहात. तुमच्यासारख्या दुसऱ्या केमिस्टला हे सुचलं नसतं, असं तुमचं म्हणणं आहे का?"

एक शब्द. हो. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी तिच्याकडे बघत होते. तिचे ओठ हलले. मग ती कसनुशी हसली, तेच ते काचेची नळी पुसतानाचं हसू.

"असं कसं म्हणू साहेब? जग केवढं मोठं आहे. आई माझी शाळेत नाही गेली, तिला सुचलं. कुणालाही सुचलं असतं."

मी तिला चिमटा काढला. फार उशीर झाला होता. समोरचे वकील म्हणाले, हे कृपया नोंदवून घ्यावं. श्वेता परत बोलली, पण आता तिच्या आवाजात धार नव्हती.

खाली रिक्षाची वाट बघताना मी तिला नाही नाही ते बोलले. "वाट लावलीस ताई! स्वतःच्या हाताने! अगं, घरी तो माणूस काय मागत होता तुझ्याकडे? एक नाव!" ती माझ्याकडे बघत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसत नव्हती. म्हणाली, "मला म्हणता येईना गं. आई समोर उभी आहे असं वाटलं." मला तिची दया आली आणि रागही आला, आणि तिच्या मेलेल्या आईचा त्याहून जास्त आला.

निकाल आला तो विरोधात. श्वेताने वाचून दाखवला. आणखीही कारणं होती, पण एक परिच्छेद सगळा विमलताईचाच होता. शोध लावणाऱ्या व्यक्तीलाच हे सामान्य जाणकाराच्या आवाक्याबाहेरचं वाटत नाही, असं त्यात होतं. अपील करता आलं असतं. हर्षदभाईंनी केलं नाही. त्यांचा उत्साह संपला होता.

विमलताईने निकालाची प्रत घरी नेली. मी सोबत होते, कारण ती एकटी जायला घाबरत होती. भाऊजी उशीला टेकून बसले होते. तिने कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आयुष्यभर इंग्रजी पत्रिका छापल्या होत्या, 'रिफ्यूज्ड' त्यांना कळत होतं. त्यांनी पहिलं पान वाचलं. शोधकर्ती, विमला सहदेव परब. त्या ओळीवरून त्यांनी अंगठा फिरवला. त्या अंगठ्याला काही लागत नव्हतं, कित्येक वर्षांत लागलं नव्हतं, तरी फिरवला.

"नाव झकास छापल्यानी गो," ते म्हणाले.

मग कागदाची घडी घालायला गेले, ती त्यांना जमेना. विमलताईने घातली.

भाऊजी गणपतीच्या आधी गेले. तोपर्यंत त्या मोठ्या कंपनीचं नवीन लिक्विड बाजारात आलं होतं. सौम्य, वास नसलेलं, आणि हलवलं की किंचित पांढरट होणारं. वाकोल्यातल्या प्रेसमध्ये आता तेच वापरतात. मी तावातावाने विमलताईला सांगितलं, तर म्हणाली, "पोरांचे हात वाचले ना? मग झालं." मला वाटलं, ही बाई अशीच मरणार.

बाराव्यानंतर मंडळाची माणसं भेटायला आली. राजाराम होते आणि त्यांच्याबरोबर वाडीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या. भाऊजींच्या फोटोखाली विमलताई बसली होती. थोडा वेळ गावाच्या, आजाराच्या गोष्टी झाल्या. मग एक म्हातारी, मेळाव्यात पहिल्या रांगेत बसलेली, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "विमल, त्याचां इतकी वर्सां सगळां केलंस गो. भरवलंस, न्हाणलंस. दुसऱ्या कोणाक जमलां नसतां."

मी दारात उभी होते. आता ही काय म्हणणार, ते मला पाठ होतं. मी आधीच मान फिरवली.

विमलताईने फोटोकडे पाहिलं. मग म्हातारीकडे पाहिलं, सरळ, मान खाली न घालता.

"होय," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाक जमलां नसतां."

शेजारच्या खोलीतही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. म्हातारीने हात मागे घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं आणि गॅससमोर उभी राहून पोटभर रडले.